नेसरीत खरंच सातच होते का? प्रतापराव गुजरांच्या शेवटच्या लढाईबद्दल जुने कागद काय सांगतात

दरवर्षी २४ फेब्रुवारी जवळ आली की एक पोस्ट फिरायला लागते. उधळलेली धूळ, सात घोडेस्वार, उपसलेल्या तलवारी आणि खाली मजकूर, सात मराठे विरुद्ध पंधरा हजार. खाली कमेंटमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, हा आमचा अभिमान आहे, प्रश्न विचारायचे नाहीत. दुसरा म्हणतो, फौजेचा मुख्य सेनापती सहा माणसं घेऊन हजारोंवर चालून जाईलच कसा, हे सगळं कवितेतून आलेलं आहे.

दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. या लढाईबद्दल त्या काळाचा कागद आहे. तो लढाईनंतर चाळीस दिवसांच्या आत लिहिलेला आहे आणि तो मराठ्यांचा नाही. त्यात सातचा आकडा आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी पोस्टमध्ये कधीच येत नाही.

त्या कागदाकडे जाण्याआधी हे भांडण सुरू कुठून झालं ते बघावं लागतं. त्याचं मूळ नेसरीत नाही, पन्हाळ्यावर आहे.

पन्हाळ्याने दिलेलं पद

कोल्हापूरजवळचा पन्हाळा शिवाजी महाराजांच्या हाती पहिल्यांदा आला १६५९ च्या नोव्हेंबरात, अफजलखानाच्या वधानंतर काही दिवसांतच. पुढच्या वर्षी सिद्दी जौहरचा वेढा, महाराजांची सुटका, बाजीप्रभूंची खिंड हा सगळा इतिहास घडला आणि शेवटी गड विजापूरकरांना द्यावा लागला. १६६६ च्या जानेवारीत महाराजांनी तो परत घेण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि बरीच माणसं कामी आली. त्या वेळचे सरनोबत नेताजी पालकर वेळेवर पोहोचले नाहीत, म्हणून महाराजांनी त्यांना पदावरून दूर केलं.

नेताजींच्या जागी आले कुडतोजी गुजर. साताऱ्याकडच्या भोसरे गावचे. महाराजांनी त्यांना प्रतापराव हा किताब दिला आणि पुढे त्यांचं मूळ नाव मागेच पडलं.

म्हणजे प्रतापरावांना सरनोबती मिळाली तीच मुळी आधीचा माणूस पन्हाळ्याच्या कामात कमी पडला म्हणून. सरनोबत म्हणजे घोडदळाचा प्रमुख. मराठ्यांची सगळी वेगवान लढाई ज्या घोड्यांवर चालायची, ती या माणसाच्या शब्दावर दौडायची. प्रतापरावांनी ते काम चोख केलं. १६७२ मध्ये साल्हेरजवळ मोगलांच्या मोठ्या फौजेचा उघड्या मैदानात पराभव झाला, तेव्हा मोरोपंत पेशव्यांच्या बरोबरीने प्रतापराव होते. गनिमी काव्याने नव्हे, समोरासमोर मिळवलेला हा विजय होता. मोगलांनाही त्याची दखल घ्यावी लागली.

६ मार्च १६७३ च्या रात्री कोंडाजी फर्जंद यांनी अवघे साठ गडी घेऊन पन्हाळा जिंकला. तेरा वर्षांनी गड परत आला. विजापूरला हे झोंबणं साहजिक होतं.

उमराणीचं पाणी

विजापूरची अवस्था तेव्हा बिकट होती. दुसरा अली आदिलशहा १६७२ च्या नोव्हेंबरात वारला होता. गादीवर बसलेला सिकंदर जेमतेम चार वर्षांचा. दरबारात दख्खनी सरदारांचा एक गट, अफगाण सरदारांचा दुसरा. या अफगाण गटाचा म्होरक्या म्हणजे अब्दुल करीम बहलोलखान. पन्हाळ्याचा मुलूख परत मिळवण्याची कामगिरी त्याच्याकडे आली.

महाराजांनी प्रतापरावांना त्याच्यावर पाठवलं. एप्रिल १६७३ मध्ये उमराणीला गाठ पडली. उमराणी आजच्या सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात आहे. जतचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला पुढची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. प्रतापरावांनी खानाची पाण्याची वाट तोडली. एप्रिलच्या उन्हात माणसं, घोडी, हत्ती सगळे तहानेने कासावीस झाले. लढाईही झाली, पण बहलोलखानाला नमवलं ते पाण्याने.

खानाने शरणागतीचा निरोप पाठवला. पुन्हा वाकडी नजर करणार नाही अशा अर्थाचं बोलणं झालं आणि प्रतापरावांनी त्याला वाट दिली.

हा निर्णय चुकीचा होता का? आज मोबाइलवर उत्तर देणं सोपं आहे. त्या काळात शरण आलेल्या सरदाराला सोडणं हे काही जगावेगळं नव्हतं. आज समोर उभा असलेला सरदार उद्या आपल्याकडे चाकरीला येऊ शकतो, हा त्या काळातला रोजचा व्यवहार होता. शिवाय विजापूर दोन गटांत फुटलेलं असताना, एका गटाच्या प्रमुखाला उपकाराखाली ठेवणं हे राजकारणही असू शकतं. पण महाराजांना ते पटलं नाही. कोणाच्या हुकुमाने सल्ला केला, असा त्यांचा सवाल होता. सल्ला म्हणजे तह. लढाई जिंकणं हे सरनोबताचं काम, तह करणं हे राजाचं. रागाचं खरं कारण दयेपेक्षा इथे असावं. सेनापतीने राजाच्या अधिकारातला निर्णय मैदानात घेतला होता.

त्यानंतर प्रतापरावांची फौज कानडी मुलखात उतरली, हुबळीची संपन्न पेठ लुटली गेली आणि त्यात इंग्रजांच्या वखारीचाही माल गेला. ही हुबळी लक्षात ठेवायला हवी, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

ते प्रसिद्ध पत्र

बहलोलखान शब्द पाळणारा निघाला नाही. काही महिन्यांतच तो पुन्हा पन्हाळा-कोल्हापूरच्या मुलखावर आला. रायगडावर तेव्हा राज्याभिषेकाची तयारी सुरू होती. नवं राज्य जगासमोर उभं राहणार, आणि नुकत्याच सोडून दिलेल्या खानाची फौज त्याच राज्याच्या दक्षिण सीमेवर फिरते आहे. ही नामुष्की होती.

कृष्णाजी अनंत सभासदाने बखरीत लिहिलं आहे, की महाराजांनी प्रतापरावांना कळवलं, हा खान घडोघडी येतो, त्याला बुडवून फत्ते करा, नाहीतर आम्हाला तोंड दाखवू नका. त्याचा आशय एवढाच आहे. पोस्टमध्ये फिरणारी लांबलचक, अलंकारिक पत्रं नंतरच्या काळात कादंबरीकारांनी आणि व्याख्यात्यांनी रचलेली आहेत. मूळ पत्र म्हणून ती पुढे पाठवू नयेत.

यानंतरची तारीख मात्र पक्की आहे. जेधे शकावली ही जेधे देशमुखांच्या घराण्यातली तारीखवार टिपणं. तिच्यात माघ वद्य चतुर्दशी, शिवरात्र, या दिवशी बहलोलखानाशी झालेल्या लढाईत प्रतापराव पडल्याची नोंद आहे. इंग्रजांच्या तेव्हाच्या दिनगणनेप्रमाणे तो दिवस २४ फेब्रुवारी १६७४.

ठिकाण नेसरी. आजच्या कोल्हापूर जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यात. गडहिंग्लजहून चंदगडकडे जाताना हे गाव लागतं. आसपासचा भाग डोंगर-टेकड्यांचा. पूर्वेकडून विजापूरची फौज येते, पश्चिमेला सह्याद्रीचे घाट आणि त्यांच्या पलीकडे कोकण. फौजांची ये-जा टेकड्यांमधल्या अरुंद वाटांनी व्हायची, आणि अशा वाटेत हजारांची फौजसुद्धा एका वेळी थोडीच माणसं पुढे आणू शकते.

नारायण शेणव्याचं पत्र

आता तो कागद.

नारायण शेणवी हा मुंबईकर इंग्रजांचा दुभाषी. १६७४ च्या मार्चमध्ये तो रायगडाकडे आला होता. कंपनीला महाराजांशी बोलणी करायची होती. राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई हा जुना विषय होताच, त्यात हुबळीची भर पडली होती. त्याला लगेच भेट मिळाली नाही, कारण १९ मार्चला महाराजांच्या राणी काशीबाई वारल्या होत्या आणि गडावर सुतक होतं. या मुक्कामात दरबारातल्या माणसांकडून जे कानावर आलं ते त्याने ४ एप्रिल १६७४ च्या पत्रात मुंबईला कळवलं. हे पत्र इंग्रजांच्या दप्तरात राहिलं.

त्या पत्रात तो सांगतो, की प्रतापराव दोन डोंगरांमधल्या एका अरुंद वाटेत मारले गेले. त्यांच्याबरोबर आणखी सहा घोडेस्वार होते, तेही पडले. बाकीची फौज मदतीला पोहोचली नाही. आणि बहलोलखानाचा विजय झाला.

सहा आणि एक, सात. म्हणजे आकडा कवीने काढलेला नाही. तो लढाईनंतर एकोणचाळीस दिवसांनी, थेट रायगडाच्या परिसरातून लिहिलेल्या व्यापारी पत्रात आहे. नारायण शेणव्याला पोवाडा रचायचा नव्हता. त्याच्या मालकांना मुलखात काय चाललं आहे याची खरी बातमी हवी होती, कारण त्यांचे पैसे अडकले होते. ज्या माणसाने हुबळी लुटली त्याचा गौरव करण्याचं इंग्रजांच्या चाकराला काहीच कारण नव्हतं. म्हणून या ओळीला वजन आहे.

पण त्याच ओळीतला दुसरा भाग पोस्टमध्ये गळतो. बाकीची फौज पोहोचली नाही. म्हणजे फौज होती. प्रतापराव एकटे सहा जणांसह मोहिमेवर निघालेले नव्हते. ते पुढे होते, वाट अरुंद होती, आणि मागचे लोक गाठण्याआधी सगळं संपलं.

हे पुढे जाणं नेमकं कसं घडलं यावर त्या पत्रात अक्षर नाही. जिव्हारी लागलेल्या बोलामुळे त्यांनी खान दिसताच घोडा फेकला असेल. सरनोबत टेहळणीसाठी थोड्या माणसांनिशी पुढे गेला आणि सापडला असेल, हेही शक्य आहे. पहिल्या शक्यतेमागे सभासदाने दिलेलं राजाचं कठोर पत्र उभं आहे, म्हणून ती लोकांच्या मनात बसली. पण हा दोन वेगवेगळ्या कागदांचा जोड आहे. सभासद राग सांगतो, सात सांगत नाही. नारायण शेणवी सात सांगतो, राग सांगत नाही. आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं ते या दोघांना एकत्र शिवून तयार झालेलं आहे. तसं शिवणं अगदीच गैर नाही, पण शिवण कुठे आहे ते माहीत असावं.

सभासदाच्या बखरीत नेसरीची लढाई मोठी आहे, प्रतापराव तलवारीच्या वाराने पडतात. १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तिसरंच चित्र देतो. त्याच्याकडे प्रतापराव खानावर तुटून पडतात आणि मारले जातात, मराठ्यांची फळी फुटते, खानाचे लोक पन्हाळ्याकडे पाठलाग करतात आणि मग हंसाजी मोहिते मागे राखलेल्या घोडदळानिशी उलटा हल्ला चढवून डाव फिरवतात. ग्रँट डफ या घटनेपासून दीडशे वर्षं दूर होता आणि उत्तरकालीन बखरींवर त्याची भिस्त होती. त्यामुळे ४ एप्रिलच्या पत्रापुढे त्याचं पारडं हलकं ठरतं.

पंधरा हजारांचं काय? नारायण शेणव्याच्या त्या ओळीत खानाच्या फौजेचा आकडा नाही. खानाकडे मोठी फौज होती यात शंका नाही, पण पोस्टमधला आकडा या कागदाच्या नावावर खपवता येत नाही.

ते सहा जण कोण?

विसाजी बल्लाळ, दीपाजी राऊतराव, विठ्ठल पिलदेव अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल आणि विठोजी शिंदे. ही सहा नावं आता इतकी रूढ झाली आहेत, की शाळेतली मुलंही पाठ म्हणतात. नारायण शेणव्याने मात्र त्या सहा स्वारांपैकी एकाचंही नाव दिलेलं नाही.

मग नावं आली कुठून? जयराम पिंड्ये या कवीने ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ नावाचं संस्कृत काव्य रचलं. पर्णालपर्वत म्हणजे पन्हाळा. कोंडाजी फर्जंदांनी गड घेतला तो प्रसंग त्यात आहे आणि पुढे उमराणीची लढाईही आहे. या यादीतली काही नावं तिथे, उमराणीत प्रतापरावांबरोबर लढलेल्या सरदारांमध्ये येतात. जे सरदार उमराणीत सोबत होते तेच नेसरीतही असतील, अशा तर्काने यादी पुढे सरकलेली दिसते. तर्क अशक्य नाही. पण दहा महिन्यांच्या फरकाने झालेल्या दोन लढायांत तीच माणसं तशीच होती, आणि नेमकी तीच पडली, याला नेसरीचा त्या काळातला पुरावा जोडता येत नाही.

यादीत सिद्दी हिलाल हे नाव आहे याकडे अनेकांचं लक्ष जात नाही, किंवा गेलं तरी ते मुद्दाम गाळून पोस्ट केली जाते. सिद्दी हिलाल हा विजापूरची चाकरी सोडून महाराजांकडे आलेला सरदार. उमराणी-नेसरीच्या मोहिमेला दोन धर्मांची लढाई म्हणून रंगवणाऱ्यांना ही अडचण होते. विजापूरच्या फौजेतही मराठा सरदार असायचे. इथे भांडण पन्हाळ्याच्या मुलखाचा वसूल कोणी घ्यायचा याचं होतं.

खानाचा विजय किती दिवस टिकला?

लढाई खानाने जिंकली, हे मान्य करायला हरकत नाही. पण त्या विजयाचं त्याला काही करता आलं नाही. पन्हाळा महाराजांकडेच राहिला. पुढचा भाग नारायण शेणव्याच्या त्याच पत्रात आहे आणि तो पोस्टमध्ये येत नाही हे नवल आहे, कारण अभिमानच वाटायचा तर तिथेही भरपूर जागा आहे.

प्रतापरावांच्या हाताखालचे आनंदराव यांनी महाराजांना सरनोबत पडल्याची खबर दिली. महाराजांचा उलट हुकूम आला, तुम्हीच त्यांच्या जागी उभे राहा आणि जिंकल्याशिवाय परतू नका. आनंदरावांनी सूड घेण्यासाठी खानाच्या छावणीवर धाव घेतली नाही. ते सगळं घोडदळ घेऊन थेट कानड्यात शिरले, बंकापूरच्या बाजूला, जिथे बहलोलखानाची स्वतःची जहागीर होती. तिथली एक पेठ लुटली. लूट वाहून न्यायला तीन हजार बैल लागले. परत येताना बहलोलखान आणि खिज्रखान आडवे आले, तर लढाई देऊन त्यांना पिटाळून लावलं. पाचशे घोडे आणि दोन हत्ती हाती आले.

हे सगळं सेनापती पडल्यानंतर महिनाभराच्या आत. प्रतापराव गेले म्हणून फौज कोलमडली नाही. महाराजांच्या लष्करी व्यवस्थेबद्दल ही गोष्ट जितकं सांगते तितकं सात जणांची दौड सांगत नाही. पण तीन हजार बैलांवर कोणी कविता करत नाही, हेही खरं.

एप्रिलमध्ये महाराज चिपळूणला गेले, फौजेची पाहणी केली आणि हंसाजी मोहिते यांना हंबीरराव हा किताब देऊन सरनोबत नेमलं. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला. बहलोलखान पुढे १६७५ मध्ये विजापूरच्या कारभाराचा मुख्य झाला आणि १६७७ च्या अखेरीस वारला.

कविता आणि गाणं

नेसरी घराघरांत पोहोचली ती कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे. १९७४ मध्ये, राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या निमित्ताने निघालेल्या ‘शिवकल्याण राजा’ या ध्वनिमुद्रिकेत हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीवर लता मंगेशकरांनी ती गायली आणि मग ती प्रत्येक गणेशोत्सवात वाजू लागली. कवीने राग, शरम आणि दौड एवढंच उचललं, फौज मागे ठेवली. कवीला ती मुभा आहे. इतिहास म्हणून पोस्ट लिहिणाऱ्याला नाही.

नेसरीजवळ आज या सात वीरांचं स्मारक आहे. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या बाजूला फिरायला जाणारे तिथे थांबतात. वाटेत सामानगडही करता येतो. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांनी बंड केलं त्याची ठिणगी याच गडावर पडली होती.

प्रतापरावांच्या घराशी महाराजांचं नातं नेसरीनंतर तुटलं नाही. १५ मार्च १६८० ला रायगडावर धाकटे राजपुत्र राजाराम यांचं लग्न झालं. नवरी होती प्रतापरावांची मुलगी जानकीबाई. त्यानंतर तीन आठवडे पुरे होण्याआधी, ३ एप्रिलला महाराज गेले. आणि १६९७ च्या सुमारास जिंजीच्या किल्ल्यात सभासदाने ज्यांच्या सांगण्यावरून ती बखर लिहिली, ते वाचणारे छत्रपती हेच राजाराम होते, प्रतापरावांचे जावई.